ग्रहणातली भेंडी

"आई, माझा अंगठा कापलास तवा लय रगत निघालं व्हतं का गं?"

सगुणानं हे इतक्या सहज विचारलं, की राजेश्रीला आधी काही समजलंच नाही. ती भाकरी थापत होती. तव्यावरची भाकर एका बाजूनं करपायला लागली तेव्हा कुठं तिचा हात हलला.

"कुणी सांगितलं तुला?"

"आजीनं. तू गिऱ्हानात इळीवर बसलीस अन् भेंडी चिरलीस. माझा अंगठा बी त्याच्यातच गेला." पोरीनं जरा विचार केला. "मंग ती भाजी कुणी खाल्ली?"

राजेश्रीनं भाकर उतरवली, चुलीतली लाकडं मागं ओढली आणि पदरानं तोंड पुसलं. रडायला येत नव्हतं. तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि तिथंच अडकून बसली होती. सहाव्या वर्षात आलेली पोर, अंगानं चौथ्यातली वाटावी एवढीशी. डाव्या हाताला अंगठाच नाही, उजव्याला आहे तो शर्टाच्या गुंडीएवढा, नुसत्या कातड्यावर लोंबणारा. अंगावर जागोजागी चहाचे डाग पडल्यासारखे तपकिरी चट्टे. गेल्या वर्षभरात तर तोंडावरचा रंगच उडाला होता. जरा कुठं आपटली की काळंनिळं व्हायचं, दात घासले की हिरड्या रक्ताळायच्या, आणि परभणीला नेऊन रक्त चढवावं लागायचं. एवढं सगळं भोगून ही पोर आईच्या मांडीवर झोपत होती आणि झोपताना मनात काय धरून झोपत होती, तर आपला अंगठा हिनं कापला.

सांगणारी आजी म्हणजे नर्मदाबाई. राजेश्रीची सासू आणि सख्खी आत्यासुद्धा. पाथरीकडच्या ज्या गावात राजेश्रीचं माहेर, तेच नर्मदाबाईचंही माहेर, घरही तेच. मामाची पोर म्हणजे हक्काची पोर, तिला बाहेर कशाला द्यायची, असं म्हणून नर्मदाबाईनं भावाची लेक आपल्या महारुद्रला करून आणली होती. सेलू तालुक्यात, देवगाव फाट्यापासून आत असलेल्या या गावात तेव्हा सगळे म्हणाले की पोरीनं नशीब काढलं, आत्याच सासू मिळाली. म्हणणाऱ्यांचं काय जातं.

पोर झाली तेव्हा सुईणीच्याही आधी नर्मदाबाईनं तिचे हात पाहिले होते. पाहिले आणि म्हणाली, "गिऱ्हानात कायतरी चिरलंस तू."

तेव्हा ते नुसतं 'कायतरी' होतं. बारशाला त्याचा कांदा झाला. पोर रांगायला लागली तोवर कांद्याची भेंडी झाली, कारण भेंडी बोटासारखी असते आणि ऐकणाऱ्या बायांना ती लगेच पटते. पुढं त्या भेंडीला विळी मिळाली, बसायला पाट मिळाला, आणि शेवटी शेवटी तर नर्मदाबाई देठ काढायची नक्कलसुद्धा करून दाखवायची. दारात आलेल्या प्रत्येक बाईनं पोरीचा हात पाहायचा, तोंडात बोट घालायचं, आणि नर्मदाबाईनं तोच पाढा म्हणायचा. राजेश्रीनं चहा आणून द्यायचा. पाच वर्षं हे असं चाललं.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट राजेश्रीनं कुणाला सांगितली नव्हती. ग्रहणाच्या दिवशी ती आतल्या खोलीत अंधारात उताणी पडून होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पाणी प्यायली नव्हती, कूस बदलली नव्हती, डासानं चावलं तरी खाजवलं नव्हतं. पण इतकी वर्षं ऐकून ऐकून तिला ती भेंडी दिसायला लागली होती. विळीच्या पात्याला लागलेली तार, बोटांना आलेला चिकटपणा. दिसायची म्हणजे दिसायचीच. माणसाच्या डोक्यात दुसऱ्यानं अशी भाजी चिरून ठेवावी, याला काय म्हणायचं?

त्या दिवशी मात्र तिच्या हातात खरं कारण होतं, आणि म्हणूनच पोरीचा प्रश्न तिला इतका लागला. संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यातून सगुणाच्या रक्ताचा अहवाल आला होता. डॉक्टरांनी एक परदेशी नाव सांगितलं होतं, फॅन्कोनी की काय, आणि घाईघाईत म्हणाले होते की हे जन्माचं आहे, रक्त तयार करणारा हाडातला मगजच आटत चाललाय, दुसऱ्या कुणाचा जुळतो का ते पाहू. महारुद्रनं मान हलवली होती. त्याला मान हलवण्याखेरीज काही येत नाही. फाट्यावरून सेलू-पाथरी जीप चालवतो, आरशात मागं बघत बघत पुढं जातो, घरातही तसंच.

राजेश्री तो अहवाल घेऊन सुकेशनीकडं गेली. सुकेशनी म्हणजे याच गावातल्या, बौद्धवाड्यातल्या धम्मानंद गुरुजींची मुलगी. दोघी सेलूला एका बाकावर शिकलेल्या. राजेश्रीचं शिक्षण बारावीला लग्नानं बंद केलं, सुकेशनी शिकत शिकत हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत पोचली. दिवाळीला ती घरी आली होती. गुरुजींच्या अंगणात बाजेवर बसून तिनं अहवाल वाचला, परत पहिल्या पानापासून वाचला, आणि मग राजेश्रीकडं न बघता म्हणाली, "राजे, मी तिकडं याच्यावरच काम करते."

"कशावर?"

"आपल्या अंगातल्या पेशी फुटत राहत्यात, एकीच्या दोन व्हत्यात. प्रत्येकीच्या गाभ्यात, केंद्रकात, डीएनएचा धागा असतो. पेशी फुटायच्या आधी त्या धाग्याची नक्कल व्हावी लागती. नक्कल व्हता व्हता काम मधीच अडखळतं. सगळ्यांचंच अडखळतं, तुझं, माझं. तवा नुकतीच झालेली कोवळी नक्कल उघडी पडती. अन् तिला खाणारी विकरं तिथंच असत्यात, केंद्रकातच. एन्झाइम म्हणतो ना आपण, ती. टोकापासून कुरतडत कुरतडत मागं जात्यात."

"अंगातलीच?"

"अंगातलीच."

"मंग मारून टाका की त्यांला. शिकलाव कशाला एवढं?"

सुकेशनीला हसू आलं, पण तिनं ते आवरलं. समोर गावाबाहेरची ज्वारी दिसत होती. "पाखरं कोवळी कणसं खात्यात, अन् पिकावरचे किडे बी तीच पाखरं खात्यात. सगळी पाखरं मारून चालतं का? माळा बांधतो, राखण बसवतो. ही विकरं बी कामाची हायत, खराब झालेलं टोक तीच साफ करत्यात. नव्या धाग्याला राखायला पेशीत एक राखणदार असतो. तुझ्या सगुणाच्या पेशीत तो राखणदारच न्हाई. म्हणून नवं झालेलं खाल्लं जातं, धागा तुटतो, पेशी मरती. अंगठा घडायचा व्हता तवा बी हेच झालं, अन् आता रक्ताचं बी हेच व्हायलंय."

राजेश्रीनं पोरीच्या हाताकडं पाहिलं. सगुणा गुरुजींच्या कुत्र्याला चार बोटांनी बिस्कीट भरवत होती.

"राखणदार न्हाई म्हणजे? गेला कुठं?"

"ते बनवायची कृती प्रत्येकाकडं दोनदा असती, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एक बिघडली तरी दुसरीवर भागतं. तुझी एक बिघडलेली हाय, महारुद्र भाऊंची एक. तुमाला दोघांना कळलं बी न्हाई. सगुणाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या. अन् बिघाड बी दोघांकडं तोच हाय, एका अक्षराचा फरक न्हाई. म्हणजे एकाच माणसाकडून उतरलेला. तुजे आजी-आजोबा अन् त्यांचे आजी-आजोबा एकच की."

"इळी?" राजेश्रीनं विचारलं.

"अंगठा दुसऱ्या महिन्यात घडतो, राजे. ते ग्रहण आलं तवा तुला चवथा लागलेला. तू त्या दिवशी पोतंभर भेंडी चिरली असतीस तरी काय व्हत नव्हतं."

अशा वेळी माणसाला हलकं वाटतं असं म्हणतात. राजेश्रीला काही हलकंबिलकं वाटलं नाही. तिला वाटलं, आत्ता उठावं, घरी जावं आणि ती विळी उचलून नर्मदाबाईच्या पुढ्यात आपटावी. पाच वर्षं. पोरीच्या आजाराचा एक एक दिवस आणि त्यावर रोज हा खोट्या गोष्टीचा शेंदूर.

सुकेशनीनं आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, ज्या बाईकडं यातली एकच कृती बिघडलेली असते ती दिसायला ठणठणीत असते, पण तिला पुढं छातीच्या गाठीचा धोका असतो. तुमच्याकडं कुणाला होती का? राजेश्रीला आठवेना. आजी, म्हणजे वडिलांची आई सगुणाबाई, तिच्या जन्माआधीच गेली होती. कुणीतरी करणी केली म्हणून गेली, एवढंच ती ऐकून होती. तिचंच नाव तर पोरीला ठेवलं होतं.

दुसरी गोष्ट ऐकून राजेश्री बाजेवरून उठलीच. तुळशीचं लग्न झालं की तिच्या धाकट्या बहिणीची, भक्तीची, सुपारी फुटायची होती. आई गेल्यापासून भक्तीची वेणीफणी राजेश्रीनंच केलेली. आणि मुलगा कोण, तर राजेश्रीचा दीर माऊली. म्हणजे पुन्हा तीच आत्या, पुन्हा तीच मामाची पोर. सुकेशनी म्हणाली, "लग्न करू नका असं मी म्हणत न्हाई. दोघांचं रक्त आधी तपासा. दोघातला एक जरी चांगला निघाला तरी लेकराला हे व्हायचं न्हाई. दोघं बी बिघडलेले निघाले तर मात्र ठरवा. परभणीत रक्त घेत्यात अन् पुढं पाठवत्यात."

इतकं सोपं होतं ते. दोन माणसांच्या दंडातून थोडं थोडं रक्त.

राजेश्रीनं घरी येऊन सगळं सांगितलं. नर्मदाबाई शेंगा फोडत होती, तिनं शेंग खाली ठेवली नाही.

"त्यांच्या दारात जाऊन आपल्या घराण्याचं रगत दावून आलीस?"

"डॉक्टरनं बी तेच सांगितलंय, आत्या. तिनं फकस्त उलगडून सांगितलं."

"आमच्या रगतात खोट काढायलीस तू? मपल्या मायबापाच्या? सात पिढ्या मामाच्या पोरी केल्या आमी, कुणाचा अंगठा झडला न्हाई. गिऱ्हानात तू चिरलंस अन् आता नाव रगताचं सांगायलीस. माऊलीच्या अंगाला सुई लावू देणार न्हाई मी."

इथं सगळी मेख होती, आणि राजेश्रीला ती त्याच क्षणी दिसली. विळीवर खापर फुटत होतं तोवर रक्ताकडं कुणी बघणार नव्हतं. भक्तीचं लेकरू उद्या असंच जन्माला आलं असतं, तेव्हाही कुठल्या तरी अमावास्येची भेंडी शोधून काढली गेली असती आणि विळीवर भक्तीला बसवलं गेलं असतं.

महारुद्रकडून काही होणार नव्हतं. तो म्हणाला, "सुपारी तर फुटू दे. बगू मंग." माऊली म्हणाला, "वहिनी, माय जे म्हणल ते." तो वाईट पोरगा नाही, पण या घरातले पुरुष मायेच्या पुढ्यात गेले की सगळे एका साच्यातले होतात. राजेश्रीनं भक्तीला फोन लावला तर ती सगळ्यात जास्त उखडली.

"ताई, तुज्या नशिबात आलं म्हणून मपलं मोडायलीस का?"

"मोडाया सांगत न्हाई गं. रगत तपासून घे म्हणायले."

"अन् गावात काय सांगू? पोरीच्या रगतात खोट हाय का बगायलेत म्हणून? कोण करील मला मंग?" फोन बंद झाला. राजेश्रीनं भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं. बहिणीचंही खोटं नव्हतं. म्हणून तर राग दुप्पट झाला, काढायचा कुणावर ते कळेना.

सुपारीच्या दिवशी महारुद्रच्याच जीपमधून सगळे माहेरी गेले. अंगणात मांडव घातला होता. पुरुष बाहेर सतरंजीवर, बाया बाजूच्या ओसरीत. राजेश्रीचे वडील बन्सीधर येईल त्याला हात जोडत होते. भक्ती नवी साडी नेसून आत बसली होती आणि बहिणीकडं बघत नव्हती. राजेश्री न बोलता विळी घेऊन बसली. पंगतीला मसाल्याची भेंडी होती, टोपलंभर. कुणी मुद्दाम आणली नव्हती, बाजारात जे मिळालं ते आणलं होतं.

सगुणा आईच्या शेजारी बसली, आणि विळी दिसताच तिनं दोन्ही हात पाठीमागं लपवले.

तेवढं एक राजेश्रीनं पाहिलं. बाकी त्या दिवशी जे झालं ते तिथून झालं.

ओसरीत दोन्हीकडच्या बाया जमल्या होत्या. त्यात धुरपताबाई होती. शेजारची म्हातारी, सगुणाबाईच्या बरोबरीची, कानानं आणि डोळ्यानं अजून शाबूत. तिनं सगुणाला जवळ ओढलं, हात पाहिला आणि चुकचुकली. नर्मदाबाई वाटच पाहत असावी तशी सुरू झाली. गिऱ्हान कसं लागलं, सुनेला किती बजावलं, तरी ही कशी पाटावर बसली, भेंडीचं देठ कसं काढलं. बाया राजेश्रीच्या हातातल्या विळीकडं बघायला लागल्या.

राजेश्रीनं भेंडी खाली ठेवली.

"आत्या, त्या दिवशी तुमी कुठं बसल्या व्हत्या?"

नर्मदाबाईची आणखी एक गोष्ट होती. ती गोष्ट ती दुसऱ्या बायांना सांगायची, पोथीला, हळदीकुंकवाला. सोवळ्याओवळ्यात, नेमाधर्मात आपल्याइतकी कडक बाई पंचक्रोशीत नाही, हे सांगायला. राजेश्रीनं ती गोष्टही कितीदा ऐकली होती. पण दोन गोष्टी कधी एका बैठकीत सांगितल्या गेल्या नव्हत्या, आणि इतक्या वर्षांत राजेश्रीच्याही डोक्यात त्या शेजारी शेजारी आल्या नव्हत्या.

"मी? मी उंबऱ्यावर व्हते," नर्मदाबाई ताठ झाली. "तुज्या खोलीच्या उंबऱ्यावर. गिऱ्हान लागल्यापासून सुटंस्तोवर. घोटभर पाणी घेतलं न्हाई का पाय मोकळा केला न्हाई."

"अन् घरातलं धारेचं सामान?"

"ते तर म्या पहाटंच गोळा केलं. कोयता, कातरी, सुईसुद्धा. समद्याचं पोत्यात गाठोडं केलं अन् त्याच्यावरच बसले. म्हणलं, हात लावून दावा कुणी." ती बायांकडं वळली. "आमच्यात असं असतंय."

"अन् इळी?"

"इळी बी तिच्यातच. पोत्याच्या बुडाला..."

नर्मदाबाईचं तोंड उघडंच राहिलं. एका बाईनं पदर तोंडाला लावला, तो हसू दाबायला की आणखी कशाला ते समजलं नाही.

"मंग मी भेंडी कशावर चिरली, आत्या?" राजेश्री म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं नंतर भक्ती म्हणाली. "तुमच्या मांडीखालून इळी काढली का मी? तुमाला ओलांडून चुलीकडं गेले का? पाच वर्षं झाली. येईल त्या बाईला सांगितलंव. मपल्या लेकराला सांगितलंव. ते लेकरू मपल्याजवळ बसताना हात लपवायलंय, बगा."

सगळ्यांनी पाहिलं. सगुणाचे हात अजून पाठीमागंच होते.

गलका ऐकून बन्सीधर दारात आले. "अगं पोरी, पाव्हणे बसलेत. हे उकरायची येळ हाय का?"

"हीच येळ हाय, दादा. सुपारी फुटल्यावर कोण ऐकणार हाय? इळीनं झालं न्हाई. मंग कशानं झालं? मपल्या अन् ह्यांच्या रगतातून आलं, अन् ते आलं ह्याच घरातून. आजीकडून न्हाईतर आजोबाकडून. ज्या बाईकडं ते असतं तिला छातीला गाठ येती म्हणत्यात. आजीला करणी झाली व्हती का गाठ, ते मला कुणीतरी खरं सांगा."

बन्सीधरनी बहिणीकडं पाहिलं. नर्मदाबाईनं जमिनीकडं. उत्तर धुरपताबाईनं दिलं.

"कसली करणी. शेवटची आंगुळ घालायला म्या अन् ही नर्मदा व्हतो. डावी छाती फुटून व्हती सगुणाबाईची. वास दडपाया लोबान जाळला." तिनं नर्मदाबाईच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुला तर समदं ठावं हाय की गं. तुज्या मावशीचं बी तसंच झालं."

नर्मदाबाईचा हात पदराखाली गेला. डाव्या बाजूला, काखेच्या खाली, आणि तिथंच थांबला. तो हात तिथं जायची सवय असल्यासारखा गेला. राजेश्रीनं तो पाहिला आणि तिला सगळं कळलं. रक्त तपासायला एवढा विरोध कशाला, घराण्याचं नाव कशाला, आणि भेंडी इतकी वर्षं ताजी कशाला ठेवली.

"तुमाला बी हाय का?" तिनं विचारलं.

"बोराएवढी," नर्मदाबाई म्हणाली. "औंदाच कळायली."

राजेश्रीचा संताप संताप झाला. आता ही बाई कीव मागणार होती. पाच वर्षांचा राग पुरता बाहेर पडायच्या आधीच ती त्यात आपली गाठ घेऊन आली होती. आईला पाहिलं होतं, मावशीचं ठाऊक होतं, नातीचा हात पाहिला होता, आणि भीती वाटली तेव्हा जवळ सापडली ती विळी आणि भावाची लेक. राजेश्रीला तिला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. ते न करता तिनं सगुणाला पुढं ओढलं.

"हिला सांगा. आत्ता. मपल्या देखत."

"राजे..."

"जसं देठ काढून दावत व्हत्या तसं नीट सांगा."

नर्मदाबाईनं नातीकडं पाहिलं. राजेश्रीनं तिच्यावरची नजर काढली नाही. "सगुणे, तुज्या आईनं काय बी चिरलं न्हाई, माय. ती झोपून व्हती. इळी माज्यापशी व्हती. माज्या खाली."

सगुणानं ते नीट ऐकून घेतलं. आईकडं पाहिलं, विळीकडं पाहिलं. मग पाठीमागचे हात पुढं घेतले आणि आजीला विचारलं, "मंग तू कापलास?"

नर्मदाबाईनं राजेश्रीकडं पाहिलं, बुडणारं माणूस काठाकडं बघतं तसं. एक शब्द राजेश्रीनं बोलायचा होता, आणि ती लगेच बोलली नाही. का बोलावं? हा प्रश्न झेलण्यापासून तिला कुणी वाचवलं नव्हतं. तिनं तो प्रश्न आत्याच्या अंगावर तसाच राहू दिला, चांगला मुरू दिला, भक्ती आतून उठून दारात येईपर्यंत.

मग ती म्हणाली, "न्हाई गं. कुणीच न्हाई कापला. तो झालाच न्हाई. घडायला लागला व्हता अन् राखायला कुणी नव्हतं."

"म्हणजे आईनं बी न्हाई अन् आजीनं बी न्हाई?"

"न्हाई."

सगुणानं मान हलवली आणि टोपल्यातली एक भेंडी उचलून आईच्या हातात दिली.

भक्ती दारात उभी होती. नव्या साडीचा पदर तिनं खांद्यावर घट्ट घेतला, चपला घातल्या आणि मांडवातून सरळ पुरुषांच्या सतरंजीपर्यंत गेली. माऊलीपुढं उभी राहून म्हणाली, "परभणीला जायचंय. आधी रगत देऊ, मंग सुपारीचं बगू. येणार का मी एकटी जाऊ?" पाहुण्यांपुढं नवरीनं असं बोललेलं त्या गावानं पाहिलं नव्हतं. माऊलीनं सवयीनं मायेला शोधलं. माय ओसरीच्या पायरीवर खाली मान घालून बसली होती, तिच्याकडून काहीच आलं नाही. तेव्हा तो उठला.

महारुद्रनं कुणी न सांगता जीप काढली. एवढं त्यानं केलं.

राजेश्री सगुणाला घेऊन मागं बसली. गाडी सुरू झाली तेव्हा नर्मदाबाई पायरीवरून उठून आली आणि दाराला हात लावून उभी राहिली. आत घ्या असं म्हणाली नाही. राजेश्रीनंही या म्हटलं नाही. तिचा राग एवढ्यात विझणार नव्हता. कदाचित कधीच नाही. आत्याच्या गाठीनं विळीचं उट्टं फिटत नाही.

तिनं सगुणाला मांडीवर घेतलं. शेजारी एका माणसाची जागा झाली.

"बसा," ती म्हणाली, "पण गाठीचं विचारायला सुकेशनीला फोन तुमी लावायचा. अन् 'ताई' म्हणून बोलायचं."